ड्यूकचं डोकं, आमच्या घरातले केस

कित्येक शतकांपूर्वी मेलेल्या माणसाची किळस येऊन हातातली मेथी टाकून उठावं लागेल, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण झालं तसंच. आमच्या परदेशातल्या, क्रेगीबर्नच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, भर दुपारी. माणूस म्हणजे युरोपातला एक ड्यूक. राजा नव्हता, पण राजे त्याला वचकून असायचे. पैसा उदंड, मुलूख मोठा, आणि हौस विचारू नका.

तो आमच्या घरी आला तो नातीमुळे. नात आठवीत आहे. शाळेत युरोपचं मध्ययुग चाललं होतं आणि सुट्टीत प्रत्येकाने एक मोठा माणूस निवडून त्याच्यावर वर्गात बोलायची तयारी करायची होती. बाकीच्यांनी राजे घेतले, संत घेतले, कुणी चक्क प्लेग घेतला. आमच्या नातबाईंनी हा घेतला. का गं, म्हटलं, तर म्हणाली, "ही वॉज सो एक्स्ट्रा, आजी." म्हणजे ह्याचं सगळंच अति.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी शिकले ती इथल्या लायब्ररीत. नात लहान असताना तिला मांडीवर घेऊन गोष्टींच्या तासाला बसायची, तिथे. ती मांडीवरून उतरली, मोठी झाली, पण मी आपली पुस्तकं आणतच राहिले. एकेक ओळीवर बोट ठेवून वाचते, अडलं तर नातीला विचारते, आणि ती फोनवरून मान वर न करता उत्तर देते. तर ह्या ड्यूकवरची पुस्तकं मीच घेऊन आले होते. माझ्याच पिशवीतून तो घरात शिरला म्हणा ना.

त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी एका ड्यूकवर एवढी का चिडले ते कळायचं नाही. माझी सून आजारी होती. छातीत गाठ निघाली, एका बाजूचं ऑपरेशन झालं, आणि मग किमो सुरू झाली. ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं, खुर्चीत बसायचं, हाताला नळी, दुपारनंतर घरी. पहिल्या खेपेनंतर केस जायला लागले. उशीवर, बाथरूमच्या जाळीवर, पोळीच्या डब्यातसुद्धा एकदा. पूर्वी तिची वेणी माझ्या मनगटाएवढी असायची. एका रविवारी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, अगदी हलक्या हाताने, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "आई, हे सगळे जाणार आहेत हे मला माहीत आहे. पण कधी कापायचे ते मी ठरवणार. मला कुणी आठवण करू नका. बाकी सगळं डॉक्टर ठरवतात आणि तुमचा मुलगा ठरवतो. एवढं एक माझ्याकडे राहू दे."

मी म्हटलं, राहील. आणि त्या दिवसापासून मी तेवढीच राखण करत होते. दुसरं मला काय करता येणार?

तेव्हा मेथी निवडत मी पुस्तक वाचत होते आणि नात लॅपटॉपवर चित्रं शोधत होती, त्यात एक जेवणावळ आली. ड्यूकने एकदा मेजवानी दिली होती म्हणे, लढाईवर जायच्या शपथा घ्यायला. लढाईवर कुणीच गेलं नाही, जेवले मात्र सगळे. एक पाय म्हणजे कणकेच्या आवरणातला पदार्थ केला होता, तो एवढा मोठा, की त्याच्या आत वाजंत्री बसवलेले. माणसं खाण्याच्या पदार्थात बसवायची. मी म्हटलं ठीक आहे, श्रीमंतांची खुळं. पुढे वाचलं तर दालनात एका नागव्या बाईचा पुतळा. तिच्या उजव्या छातीतून मसाल्याची दारू वाहतेय, पाहुणे आपले प्याले भरून घेतायत. आणि शेजारी साखळीला बांधलेला खराखुरा सिंह. कशाला, तर पुतळ्याला कुणी हात लावू नये म्हणून.

नातीला त्या मेजवानीचा देखावा करायचा होता, बुटाच्या खोक्यात. "आजी, थोडी कणीक दे ना. स्टॅच्यू करायचाय."

कणीक मागितली आणि मी दिली नाही असं ह्या घरात कधी झालेलं नाही. चिमण्या कर, साप कर, वाटेल ते कर. त्या दिवशी मी परातीवर झाकण ठेवलं. ज्या कणकेच्या पोळ्या आपण खातो तिची ती बाई करायची, आणि पलीकडच्या खोलीत हिची आई छातीला पट्टी बांधून झोपलेली. माझ्या तोंडात कडू पाणी आलं. मी मेथी तशीच टाकून उठले आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिले.

सून काही झोपली नव्हती. ती शाल पांघरून बाहेर आली, लेकीच्या खांद्यावरून चित्र बघितलं. मला वाटलं आता हिला रडू येणार. तर ती म्हणाली, "सिंह ठेवलाय बघा आई. बाईला चोळी द्यायचं सुचलं नाही, पण सिंह ठेवला." आणि हसली. माझी सून अशी आहे. नातीने मग पुतळा वगळला आणि नुसता सिंह केला, काळ्या क्लेचा. तो अजून टीव्हीखाली आहे, एक पाय मोडलेला.

पण माझं लक्ष काही त्या माणसावरून हटेना. मी वाचतच गेले. किळस आली की माणूस सोडून देतो, पण मी पडले चिवट. म्हटलं बघू तरी, ह्याला ज्या लोकांनी 'भला' अशी पदवी दिली त्यांना ह्याच्यात काय भलं दिसलं.

तर ऐका. ह्याच्या बापाला एका पुलावर बोलणी करायला बोलवून मारून टाकलं होतं. वाईट वाटतं ना? मलाही वाटलं. मग कळलं की त्या बापाने आधी स्वतःच्याच भावकीतल्या एकाला रस्त्यात गाठून असंच मारलं होतं, आणि वर एका विद्वानाला उभं करून तो खून कसा पुण्याचा होता ह्यावर भाषण करवलं होतं. बाप गेल्यापासून मुलगा जन्मभर काळे कपडे घालायचा. नातीला ते फार आवडलं, तिचीही सगळी टॉप्स काळी. पण ते काळे कपडे रेशमी आणि मखमली, आणि त्यावर हिरे. दुःख करायचं तेसुद्धा लोकांचे डोळे दिपतील असं.

आणि त्याची ती आतेबहीण. तिला तिच्या वडिलांचा मुलूख मिळाला होता, एकुलती एक मुलगी म्हणून. ह्याने तिला कोंडून ठेवलं. ती पुरुषाचे कपडे घालून निसटली, बिचारी लढली, शेवटी ह्याने तिच्याकडून लिहून घेतलं की कारभार मी बघणार आणि माझ्या परवानगीशिवाय तू लग्न करायचं नाहीस. तिने चोरून लग्न केलं, तर उरलंसुरलं सगळं काढून घेतलं. छातीच्या रोगाने तरुणपणीच गेली ती. सख्खी आतेबहीण. ज्या हाताने भाऊबीज घ्यायची, त्या हातातला घास काढून घेतल्यासारखंच हे. हे मी नातीला म्हटलं तर ती म्हणाली, "आजी, देअर वॉज नो भाऊबीज." म्हटलं, नसेना का, आतेबहीण तर होती?

शिवाय एका वाड्यात म्हणे त्याने गमतीची यंत्रं बसवली होती. पाहुण्या बायका चालता चालता एका फरशीवर आल्या की खालून पाण्याचे फवारे. लुगड्याखालून, समजलात ना. दुसऱ्या दालनात डोक्यावर पीठ नाहीतर काजळी. बाया ओल्या, काळ्यापांढऱ्या होऊन ओरडतायत आणि हा हसतोय. आणि म्हातारपणी, स्वतःला चालता येईना तेव्हा, नदीकाठच्या एका गावाचा राग काढायला पालखीत बसून गेला. गावाने त्याच्या बायकोची बदनामी केली होती म्हणे. गाव जाळलं, माणसं दोन-दोन बांधून नदीत सोडली, आणि हा बघायला बसला. हे सगळं वाचून मी पुस्तक पालथं घालून ठेवायची. कव्हरवर त्याचा चेहरा होता. जाड ओठ, ताठ मान. स्वयंपाक करताना तो चेहरा समोर नको वाटायचा मला.

शेवटची गोष्ट राहिली, तीच खरी आमच्या घरात घुसली. हा ड्यूक एकदा आजारी पडला. वैद्यांनी सांगितलं, डोकं भादरा. भादरलं. बरा झाला, पण डोकं तुळतुळीत, लाज वाटायला लागली. मग काय केलं असेल? हुकूम काढला, राज्यातल्या सगळ्या सरदारांनी गोटा करायचा. शेकडो लोकांनी मुकाट केला. आणि ज्याच्या डोक्यावर केस दिसतील त्याला पकडून भादरायला एक अधिकारी नेमून दिला.

नातीने ह्याची एक स्लाइड केली. फार छान केली, खोटं कशाला बोलू. ओळीने सगळे टकले, मध्ये ड्यूक. खाली लिहिलं, नोबडी कुड स्टेअर ॲट हिम नाऊ. आता कुणी त्याच्याकडे टक लावून बघू शकणार नाही.

ती स्लाइड माझ्या मुलाने बघितली.

माझा मुलगा वाईट नाही. पोटचा आहे म्हणून नाही म्हणत. तो आयटीत आहे आणि त्याला कुठलीही गोष्ट बिघडली की दुरुस्त करायची असते. बायकोचा आजार दुरुस्त होईना तेव्हा त्याने बाकी सगळं दुरुस्त करायला घेतलं. फ्रिजवर औषधांचा तक्ता लावला. तिला कुणी कधी भेटायचं, किती वेळ बसायचं, हे व्हॉट्सॲपवर तोच ठरवायचा. हळदीकुंकवाला आलेल्या दोघी मैत्रिणींना त्याने दारातच सॅनिटायझर देऊन दारातूनच परत पाठवलं. ती खोलीतून ऐकत होती. स्लाइड बघून तो म्हणाला, "ब्रिलियंट आहे हे. आपण सगळेच करूया."

मला आधी कळलंच नाही काय करूया ते. मग तो सांगायला लागला. पुढच्या किमोच्या दिवशी, ती वॉर्डात असताना, तो, त्याचे ऑफिसातले मित्र, नात, सगळ्यांनी गोटा करायचा. ती घरी येईल तर सगळेच तसे. तिला एकटं वाटायला नको. मित्रांनीही लगेच हो म्हटलं, नो वरीज मेट, आम्ही मशीन घेऊन येतो, तू बार्बेक्यू लाव.

मी विचारलं, "तिला विचारलंस का?"

"अगं, सरप्राइज आहे."

"ती म्हणाली होती, तिच्या केसांचं ती ठरवणार."

"तिचे कुठे कापतोय आई? आमचे कापतोय."

त्याचं बोलणं नेहमी असं कड्या लावलेलं असतं, कुठून शिरावं कळत नाही. मी म्हटलं, अरे, घरात सगळे गोटे करून बसलात की तिला दुसरं काय करता येईल? त्या सरदारांसारखीच गत तिची. एकटीच्या डोक्यावर चार बटा राहतील आणि सगळे वाट बघत बसतील. तो म्हणाला, तू फार विचार करतेस. मग अगदी प्रेमाने मला म्हणाला, "तूही करतेस का? तिला किती बरं वाटेल."

मी विधवा बाई. वडिलांची आत्या आमच्या घरात होती, मी लहान असताना. तिला सगळे आत्याआजी म्हणायचे. दर पंधरवड्याला न्हावी यायचा, मागच्या दाराने, आणि ती गोठ्याशेजारी पाटावर त्याच्यासमोर मान खाली घालून बसायची. मग लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढून घ्यायची. एकदा मी तिच्या डोक्याला हात लावला, नुकतं उन्हाळ्यात कापलेलं गवत लागतं तसं लागलं. तिने माझा हात झटकला नाही, नुसती म्हणाली, लावू नये. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. तिलाही सगळ्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं होतं.

हे मी मुलाला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, "माझ्या डोक्याला मशीन लागणार नाही, आणि पोरीच्याही नाही. तिची वेणी रोज सकाळी तिची आई घालते."

तो दिवस आला. सकाळी तो बायकोला हॉस्पिटलला सोडून आला. निघताना मला जरा चक्कर आल्यासारखं झालं होतं, बीपीची गोळी घेतली नव्हती, तर ती दारातून दोनदा मागे वळली, आई पडून राहा म्हणाली. तिच्या जिवाला तेवढं लागून राहिलं.

मग बॅकयार्डात मांडणी सुरू झाली. चारजण आले. सगळे गुणी हो, एकजण पुण्याचा, दोघं आंध्रातले आणि एक इथला गोरा. हसत खेळत एकमेकांची डोकी भादरायला लागले. आधी मध्येच पट्टा काढायचा, फोटो काढायचा, मग उरलेलं. मशीन घरघरतंय, बार्बेक्यूवर सॉसेज चरचरतायत, आणि वारा सुटलेला. इथल्या वाऱ्याचं काही सांगता येत नाही. केसांचे पुंजके फरशीवरून लोळत कुंडीतल्या तुळशीपाशी जमा झाले. थोडे सॉसेजवर पडले. एकाने फुंकर मारून तेच खाल्लं, आणि सगळे पोट धरून हसले. मी सरकत्या दाराच्या आतून बघत होते. जळक्या केसांचा वास आणि तेलकट मांसाचा वास एकत्र आला आणि मला तो ड्यूक त्यांच्यात बसलेला दिसला, कणकेत बसवलेले वाजंत्री, सिंह, सगळं. ती दारू पिणारी तोंडंही अशीच हसत असतील. ह्यांची मनं वाईट नव्हती, हे मला माहीत आहे. तरी ओकारी येते तशी आली, मी काय करू.

नातही माझ्याशेजारी उभी होती. आधी तिला भारी हौस, व्हिडिओ करणार होती. मुलाने बाहेरून हात हलवला, ये म्हणून. तिने आपली वेणी पुढे घेतली, मुठीत धरली आणि म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू, आजी." मी म्हटलं, नको तर नको. सरकतं दार लावून घेतलं.

शेवटी मुलाची पाळी झाली. हसण्याच्या भरात कुणीतरी म्हणालं, मिशी कशाला ठेवतोस, तर त्याने मिशीही उतरवली. आणि तो आत आला, डोळे चोळत, केस गेले होते डोळ्यांत, लालबुंद झालेले.

मराठी माणसाच्या घरात मिशीसकट गोटा केलेला, डोळे सुजलेला मुलगा कधी दिसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. ह्याला मी तसा एकदाच बघितला होता, पुण्याला, त्याचे वडील गेले तेव्हा. आता तो माझ्यासमोर उभा राहिला आणि मला माझंच दहावं बघितल्यासारखं झालं. मी जिवंत, हातात झारा, आणि हा माझं सुतक धरून उभा.

मी म्हटलं, "असा जाऊ नकोस तिच्यासमोर. आधी फोन कर."

"सरप्राइज काय राहिलं मग?"

"निदान टोपी घाल."

टोपी घातली त्याने. आणि वॉर्डाच्या दारात जाऊन, नाटकात करतात तशी, हात लांब करून काढली.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं तिच्याकडून, थोडं त्याच्याकडून. ती खुर्चीत अर्धवट झोपेत होती. डोळे उघडले तर समोर हा. वेळेच्या आधी आलेला, डोक्यावर केस नाहीत, ओठावर मिशी नाही, डोळे लाल. सासरे गेले तेव्हा इथल्या विमानतळावर ह्याला आणायला तीच गेली होती, असाच उतरला होता. आणि सकाळी मला चक्कर आलेली. तिने एक शब्द विचारला नाही. नळीसकट उठायला गेली, स्टँड ओढला गेला, सुई निघाली, नर्सबाई धावत आल्या. हा म्हणतोय सरप्राइज, सरप्राइज, आणि ती म्हणतेय, कधी गेल्या, मला का नाही सांगितलं. आजूबाजूच्या खुर्च्यांमधल्या बायका बघतायत, त्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं नवऱ्याने बायकोसाठी किती गोड केलं, म्हणून ही रडतेय.

मी घरात वरण करत होते. फोन वाजला, तिचं नाव. उचलला तर नुसता श्वास.

"आई, तुम्ही आहात?"

"आहे की. मी कुठे जातेय? वरण उतू चाललंय, बोल पटकन."

पलीकडून मग हुंदका, आणि फोन बंद. मी गॅस बंद केला. काय झालं असेल ते मला तेवढ्यात सगळं कळलं. सांगितलं ना मघाशी, मी तो चेहरा बघितला होता.

ते आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारनंतर, घरी आले. तोपर्यंत मित्र गेले होते, मी बॅकयार्ड झाडून काढलं होतं, केस बिनमध्ये टाकले होते, दोनदा हात धुतले तरी वास जात नव्हता. ती सरळ स्वयंपाकघरात आली. माझ्या दंडाला धरलं, खांद्याला, गालाला हात लावला, भाजी बघतात तसं दाबून बघितलं. हाताला सुईच्या जागी मोठी काळीनिळी गाठ आली होती. मग मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "तुझे महिन्याभरात येतील." एवढंच. खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं.

तो टेबलापाशी बसला. समोर नातीचा लॅपटॉप उघडा होता आणि नेमकी तीच स्लाइड. त्याने बघितली असेल नसेल. म्हणाला, "मला फक्त तिला एकटं वाटायला नको होतं, आई." पण मी म्हटलं, "एकटं कुणाला वाटत होतं? तिला का तुला?" मी वरणभात पुढे ठेवला, तो त्याने खाल्ला. त्या दिवसापासून घरातही टोपी घालून वावरायला लागला. जेवतानासुद्धा. माझ्यासमोर त्याला ते डोकं उघडं करवेना.

नातीने सुट्टी संपता संपता तिचं भाषण मला म्हणून दाखवलं. ती स्लाइड होती, पण खालची ओळ बदलली होती. आता तिथे प्रश्न होता, त्या सरदारांपैकी कुणाला खरंच करायचं होतं का. आणि ड्यूकच्या बायकोला काय वाटलं, हे कुठेही लिहिलेलं नाही, असंही घातलं होतं. मला विचारलं, शेवट कसा करू? त्याचा शेवट मी वाचला होता. म्हातारा होऊन, आपल्या पलंगावर, वाचा जाऊन मेला, आणि गावातली माणसं ढसाढसा रडली. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आहे, त्या रडण्याची. एवढं सोसून वर रडायचं. नात म्हणाली हे टीचरला चालणार नाही. म्हटलं, मग तुझं तू बघ, पण मी तरी रडले नसते.

ते पुस्तक परत करताना मी ते लायब्ररीबाहेरच्या डब्यात उलटं टाकलं, चेहरा खाली करून.

त्यानंतर पुष्कळ दिवस सूनबाईने केसांचं नावच काढलं नाही. विरळ होत गेले, तरी ती रोज विंचरायची, जेवढे होते तेवढ्यांची शेपटी बांधायची, मग लेकीची वेणी घालायची. कुणी काही बोललं नाही. मी तर आरशाकडेसुद्धा बघायची नाही तिच्यासमोर. मग एका सकाळी, नात शाळेला गेल्यावर, ती लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, स्टूल घेऊन बसली आणि मला हाक मारली. तिच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलवर कात्री.

"आज," म्हणाली. "तुम्ही करा. तुमचा हात हळू आहे."

मला वाटलं माझ्याने होणार नाही. आत्याआजी, तो पाट, तुळशीपाशी लोळणारे पुंजके, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण तिने मान खाली घातली नव्हती. सरळ बसली होती, समोर बघत, वॉशिंग मशीनच्या काचेच्या दारात दिसत होती तेवढं बघत. मी एकेक बट बोटांत धरून कापली. मऊ होत्या, तान्ह्या बाळाच्या जावळासारख्या. मला किळस आली नाही. मी वाट बघत होते, येईल म्हणून, पण आली नाही.

मुलगा घरूनच काम करत होता. दाराबाहेर येऊन थांबला होता, पावलं दिसत होती खालच्या फटीतून. आत यायची हिंमत नव्हती, जायचीही नव्हती.

झाल्यावर तिने डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. मानेवरचे केस झटकले. म्हणाली, "थंड वाटतंय." मग, "चहा टाका आई. आणि त्याला आत बोलवा. टोपी काढून ये म्हणावं."